सां-सुल्पिसचा ऑर्गन आणि त्याचा विस्तार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसमधील सां-सुल्पिस चर्चचा मोठा पाइप ऑर्गन १७८१ मध्ये प्रथम वाजला आणि १८६२ मध्ये विस्तारून नव्याने उभा राहिला. पॅरिस पाहून आलेले प्रवासी, पाश्चात्त्य संगीताचे विद्यार्थी आणि आपल्याकडील संवादिनीवादक त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी कळेल असे लिहिले आहे. एका विषयाचा धागा दुसरीकडे जातो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा ऑर्गन कुठे आहे आणि तो कोणी बांधला?

सां-सुल्पिस हे पॅरिसच्या सहाव्या विभागातील, लक्झेंबर्ग बागेजवळचे मोठे चर्च आहे. सध्याच्या इमारतीचे काम १६४६ मध्ये सुरू झाले आणि ते पुढे शंभराहून अधिक वर्षे रेंगाळत चालले. ऑर्गन मुख्य प्रवेशद्वाराच्या वरच्या सज्ज्यावर आहे, त्यामुळे आत शिरणाऱ्याला तो चटकन दिसत नाही. वेदीच्या दिशेने थोडे चालून मागे वळावे लागते. त्याचा कर्ता एक नाही. मूळ ऑर्गन फ्रांस्वा-आंरी क्लिको याने बांधला आणि त्याचा विस्तार आरिस्तीद कावाये-कोल याने केला. या दोघांपैकी एकाचेच नाव घेऊन या वाद्याबद्दल बोलणे अपुरे ठरते.

२. पाइप ऑर्गन वाजतो कसा? आपल्या पेटीसारखाच ना?

भाता, हवा आणि पट्ट्या एवढे साम्य आहे, पण नाद निर्माण होण्याची रीत वेगळी आहे. संवादिनीत धातूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, हवेच्या झोताने आपल्या खाचेतून मागेपुढे हलते आणि तीच नाद देते. पाइप ऑर्गनमध्ये नाद देते ती नळीतील हवा. बहुतेक नळ्यांच्या तळाशी बासरीसारखी फट असते. हवेचा झोत तिच्या धारेवर आपटला की नळीतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. काही नळ्यांच्या बुडाशी धातूची जीभ असते आणि तिच्यामुळे तुतारी किंवा सनईच्या जातीचा धारदार आवाज निघतो. मात्र तेथेही वरच्या नळीचा आकार त्या आवाजाला घडवतो.

एक नळी एकच स्वर देते आणि तोही एकाच जातीच्या आवाजात. म्हणून प्रत्येक जातीच्या आवाजासाठी नळ्यांची संपूर्ण रांग लागते. अशी रांग चालू किंवा बंद करणारी खुंटी म्हणजे स्टॉप. सां-सुल्पिसच्या ऑर्गनमध्ये हाताने वाजवायचे पाच कीबोर्ड आहेत, प्रत्येकी ५६ पट्ट्यांचे, आणि पायाने वाजवायचा ३० पट्ट्यांचा एक पेडल-कीबोर्ड आहे. साध्या स्टॉपला पट्टीमागे एक नळी लागते, मिश्र स्टॉपला पट्टीमागे अनेक लागतात. शंभर स्टॉपचा हा हिशेब नळ्यांच्या संख्येत सात हजारांच्या आसपास पोहोचतो.

३. ‘आठ फुटी’, ‘बत्तीस फुटी’ स्टॉप म्हणजे काय?

ज्या स्टॉपमधील सर्वांत खालच्या स्वराची उघडी नळी साधारण आठ फूट लांब असते तो आठ फुटी. पट्टीवर जो स्वर लिहिलेला आहे तोच त्यातून ऐकू येतो. लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली जातो, म्हणून सोळा फुटी स्टॉप एक सप्तक खाली आणि बत्तीस फुटी दोन सप्तके खाली बोलतो. बत्तीस फुटी नळी सुमारे दहा मीटर लांब असते आणि तिचा खालचा स्वर सेकंदाला जेमतेम सोळा कंपनांचा असतो. तो कानांपेक्षा छातीत आणि पायांखालच्या फरशीत अधिक जाणवतो. उलट दिशेने चार फुटी आणि दोन फुटी स्टॉप वरच्या सप्तकांत बोलतात.

आपल्या वाचकांना विशेष रस वाटेल अशी गोष्ट याच्या पुढची आहे. काही स्टॉप मुद्दाम सप्तकात न बोलता पंचमावर किंवा गंधारावर बोलतात. वादकाने षड्जाची पट्टी दाबली तर अशा स्टॉपमधून वरच्या सप्तकातला पंचम किंवा गंधार निघतो, पण तो स्वतंत्र स्वर म्हणून ऐकू येत नाही. मूळ स्वरात मिसळून त्याची जात बदलतो. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यात स्वयंभू गंधार ऐकलेल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. तानपुऱ्यात तो तारेच्या अंगचा असतो, ऑर्गनमध्ये त्याच्यासाठी वेगळी नळी बांधलेली असते, एवढाच फरक. अठराव्या शतकातील फ्रेंच ऑर्गनबांधणी या पंचम-गंधाराच्या मिश्रणावर फार अवलंबून होती, आणि हा मुद्दा प्रश्न ६ मध्ये पुन्हा येईल.

४. क्लिकोचा मूळ ऑर्गन कसा होता?

तो १५ मे १७८१ रोजी प्रथम वाजवला गेला. पाच कीबोर्ड, पेडल आणि ६४ स्टॉप असा त्याचा विस्तार होता आणि त्या काळच्या फ्रान्समधील सर्वांत मोठ्या वाद्यांत त्याची गणना होई. त्याची लाकडी दर्शनी रचना वास्तुकार शाल्ग्रँ याने १७७६ मध्ये आखली. पॅरिसचे विजयतोरण पुढे याच शाल्ग्रँने आखले. इतर चर्चमधील ऑर्गनप्रमाणे येथे नळ्यांचे मनोरे पुढे आलेले दिसत नाहीत. स्तंभांची अर्धगोल रांग, त्यांच्यामधून दिसणाऱ्या नळ्या आणि शिल्पकार क्लोदिओं याने घडवलेले पुतळे असे ते एखाद्या रोमन मंदिराचे रूप आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीत अनेक चर्चमधील ऑर्गन मोडले गेले आणि त्यांच्या नळ्यांचा धातू विकला गेला. हा वाचला. चर्चचे ‘विजयमंदिर’ झाले होते त्या काळात, नोव्हेंबर १७९९ मध्ये, नेपोलियन बोनापार्टच्या सन्मानार्थ तेथे मेजवानी झाली, आणि तिच्यातही चर्चचा वादक निकोला सेजाँ याने हा ऑर्गन वाजवला. प्रार्थनेसाठी बांधलेले वाद्य मेजवानीत वाजले म्हणून कोणी नाक मुरडेल, पण वाजत राहिलेले वाद्य मोडायला सहसा कोणी धजावत नाही.

५. एवढा चांगला ऑर्गन असताना तो वाढवण्याची गरज का पडली?

दोन कारणांनी. पहिले कारण झीज आणि अर्धवट दुरुस्ती. १८३० आणि १८४० च्या दशकांत या ऑर्गनवर दुसऱ्या कारागिरांनी बराच काळ काम केले, पण त्यातून समाधानकारक वाद्य उभे राहिले नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. क्लिकोच्या काळातील फ्रेंच संगीतात ऑर्गनचे आवाज ठरावीक जोड्यांनी वापरले जात: एका तुकड्यासाठी एक रंग, पुढच्यासाठी दुसरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसच्या कानांना बेटोव्हनच्या सिम्फनींची, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनांची, आणि मोठ्या वाद्यवृंदाची सवय झाली होती. हळूहळू चढत जाणारा आणि तसाच उतरणारा नाद आता हवा होता. जुन्या ऑर्गनमध्ये तो काढण्याची सोय नव्हती. मंद्रातला पाया कमी पडत होता. कीबोर्ड एकमेकांना जोडले की पट्ट्या बोटांना जड होत, आणि सर्व स्टॉप एकदम उघडले की भात्याची हवा पुरत नसे.

ही सगळी दुखणी ओळखणारा कारागीर तोवर पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला होता. कावाये-कोलचा जन्म १८११ मध्ये मोंपेलिए येथे ऑर्गन बांधणाऱ्या घराण्यात झाला. १८३३ मध्ये तो पॅरिसला आला आणि पॅरिसजवळच्या सां-दनी येथील चर्चच्या मोठ्या ऑर्गनच्या कामाची स्पर्धा त्याने ऐन तारुण्यात जिंकली. १८४१ मध्ये पूर्ण झालेल्या त्या ऑर्गनमध्ये त्याने जे प्रयोग केले, त्यांचे परिपक्व रूप सां-सुल्पिसमध्ये दिसते.

६. कावाये-कोलने १८५७ ते १८६२ या काळात नेमके काय केले?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर त्याने काय ठेवले येथून सुरू करणे मला आवश्यक वाटते. शाल्ग्रँची दर्शनी रचना त्याने जशीच्या तशी राखली. क्लिकोच्या नळ्यांचा मोठा हिस्सा त्याने नव्या वाद्यात घेतला. एवढेच नव्हे, तर पंचमावर आणि गंधारावर बोलणारे जे स्टॉप त्याच्या पिढीत जुनाट समजले जाऊ लागले होते, तेही त्याने येथे लक्षणीय संख्येने ठेवले आणि स्वतःचे काही घातले. नवे मोठे काम हाती आले असताना आधीच्या पिढीच्या कानाला इतका मान देणारा बांधणारा त्या शतकात विरळा होता.

नवे जे घातले ते मुख्यतः पाया, हवा आणि नियंत्रण या तीन बाबतींत होते. पेडलमध्ये बत्तीस फुटी स्टॉप आले आणि मंद्राला पाया मिळाला. आठ फुटी स्टॉपची संख्या वाढली. त्यांत तंतुवाद्यांच्या जातीचे पातळ आवाज होते आणि त्याने स्वतः घडवलेली ‘हार्मोनिक’ बासरीही होती. या बासरीची नळी नेहमीच्या दुप्पट लांब असते आणि मध्यावर एक छोटे छिद्र असते. त्यामुळे ती मूळ स्वर सोडून वरच्या सप्तकात बोलते, आणि तार सप्तकातही तिचा आवाज न किरकिरता गोल व भरदार राहतो.

हवेची व्यवस्था तर त्याने मुळापासून बदलली. एकाच दाबाची हवा सर्व नळ्यांना देण्याऐवजी वरच्या स्वरांना अधिक दाबाची हवा दिली, कारण वरचे स्वर स्वभावतः क्षीण पडतात आणि खालच्या स्वरांखाली बुडतात. नळ्या ज्यांवर उभ्या असतात त्या हवेच्या पेट्या त्याने दुभागल्या: एका भागात मूळ गाभ्याचे स्टॉप, दुसऱ्या भागात तुतारीच्या जातीचे आणि मिश्र स्टॉप. दुसऱ्या भागाची हवा पायाजवळच्या एका पट्टीने उघडते. म्हणजे वादक तुतारीचे स्टॉप आधीच ओढून ठेवू शकतो. त्यांचा आवाज येतो तो पाय पडेल तेव्हाच. शिवाय एका कीबोर्डच्या सगळ्या नळ्या झडपा असलेल्या लाकडी खोलीत ठेवल्या, आणि त्या झडपा पायाने उघडत-मिटत आवाज वाढवता-उतरवता येऊ लागला. प्रश्न ५ मध्ये सांगितलेला चढता नाद या दोन युक्तींमुळे शक्य झाला.

वादकाच्या बसण्याच्या जागीही त्याने नवी मांडणी केली: पाच कीबोर्ड आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळात, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या स्टॉपच्या खुंट्या. २९ एप्रिल १८६२ रोजी ऑर्गनचे उद्घाटन झाले. त्या प्रसंगी वाजवणाऱ्यांत सेझार फ्रांक आणि कामिय सां-सान्स हे संगीतकार होते.

७. एवढ्या मोठ्या ऑर्गनच्या पट्ट्या बोटांनी दाबल्या तरी कशा जातात?

पट्टी आणि नळीखालची झडप यांना लाकडी पट्ट्यांची व तारांची यांत्रिक जोडणी असते. झडप हवेच्या दाबाविरुद्ध उघडावी लागते, म्हणून चार-पाच कीबोर्ड जोडले की बोटांवर येणारा भार असह्य होतो. चार्ल्स स्पॅकमन बार्कर या इंग्रज कारागिराने यावर उपाय शोधला. पट्टी दाबली की प्रथम एक छोटासा भाता हवेने फुगतो, आणि जड काम तो भाता करतो. बोटाला फक्त त्याची छोटी झडप उघडायची असते. बार्करला या शोधासाठी स्वदेशात पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. कावाये-कोलने तो सां-दनीमध्ये वापरला आणि सां-सुल्पिसमध्ये त्याचा उपयोग आणखी पुढे नेऊन स्टॉपच्या हालचालीसाठीही हवेच्या दाबाची मदत घेतली. पट्ट्यांची आणि स्टॉपची ही सारी यंत्रणा विजेशिवाय चालते.

८. काही ठिकाणी १०० स्टॉप लिहिलेले असतात, काही ठिकाणी १०२. खरे कोणते?

दोन्ही खरे आहेत. कावाये-कोलने १८६२ मध्ये १०० स्टॉपचा ऑर्गन पूर्ण केला. १९३४ मध्ये पेडलमध्ये दोन स्टॉपची भर पडली, तेव्हापासून संख्या १०२ झाली. क्लिकोचे ६४ स्टॉप मोजून ‘३६ नवे वाढवले’ अशी वजाबाकी मात्र करू नये, कारण जुन्यांतले काही काढले गेले, काही हलवले गेले आणि काहींच्या नळ्या नव्यांशी जोडल्या गेल्या.

शंभर स्टॉपचा ऑर्गन त्या काळी युरोपात क्वचितच आढळे. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमधील विलिसने बांधलेला आणि जर्मनीतील उल्म येथील वाल्करने बांधलेला, हे दोन्ही १८५० च्या दशकातले, त्याच पंक्तीत बसत होते.

९. मग हा ऑर्गन अठराव्या शतकाचा मानायचा की एकोणिसाव्या?

वाद्य म्हणून तो कावाये-कोलचा आहे. त्याची हवा, यंत्रणा आणि नादाची कल्पना १८६२ ची आहे. पण त्याच्या आवाजातला धारदारपणा आणि उजेड क्लिकोच्या नळ्यांतून येतो, आणि तो काढून घेतला तर हा ऑर्गन कावाये-कोलच्या इतर कामांसारखा एक होऊन बसेल. विस्तार करताना आधीचे पुसावेच लागते असे मानणाऱ्यांनी हे वाद्य ऐकावे. मला तरी त्याचे मोठेपण स्टॉपच्या संख्येपेक्षा या जोडणीत दिसते.

१०. पुढे वीज आली, संगणक आले, तरी या ऑर्गनचे आधुनिकीकरण का झाले नाही?

याचे मोठे श्रेय वादकांच्या दीर्घ परंपरेला द्यावे लागते. शार्ल-मारी विदोर याची १८७० च्या जानेवारीत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, येथे तात्पुरती नेमणूक झाली आणि तो १९३३ च्या अखेरीपर्यंत या जागी राहिला. त्याच्यानंतर आलेला मार्सेल द्युप्रे १९७१ पर्यंत वाजवत होता. ३० मे १९७१ रोजी, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या रविवारी, सकाळच्या प्रार्थनेत ऑर्गन वाजवून घरी गेल्यावर त्याच दिवशी त्याचे निधन झाले. दोन माणसांनी मिळून शंभर वर्षे एक वाद्य सांभाळले.

या काळात फ्रान्समधील अनेक ऑर्गन बदलत्या रुचीनुसार पुन्हा फिरवले गेले. येथे मात्र भाते पायांनी चालवणाऱ्या माणसांच्या जागी विजेची मोटर आली, साफसफाई आणि दुरुस्ती झाली, प्रश्न ८ मधील दोन स्टॉप वाढले, आणि मूळ यंत्रणा टिकली. विजेवर चालणारी नवी यंत्रणा द्युप्रेला परकी नव्हती, म्हणून त्याचा हा संयम अधिक मोलाचा वाटतो. अलीकडचा मोठा जीर्णोद्धार १९९१ मध्ये पूर्ण झाला, तोही कावाये-कोलची रचना राखूनच. दान्येल रॉथ १९८५ मध्ये मुख्य वादक झाला आणि त्याने आपल्या दीर्घ कारकिर्दीत हीच भूमिका ठेवली.

पुढे डॉक्टर आणि विचारवंत म्हणून जगप्रसिद्ध झालेला आल्बर्ट श्वाइट्झर १८९३ मध्ये विदोरकडे शिकायला आला आणि पुढे ऑर्गनबांधणीवर लिहिताना त्याने कारखानी पद्धतीच्या, केवळ दणदणाटावर भर देणाऱ्या नव्या ऑर्गनांविरुद्ध ठाम भूमिका घेतली. त्याच्यासमोर जे आदर्श होते त्यांत सां-सुल्पिस अग्रभागी होता.

११. विदोरचा प्रसिद्ध टोकाटा याच ऑर्गनसाठी लिहिला आहे का?

टोकाटा म्हणजे बोटांची चपळाई दाखवणारी वेगवान रचना. हा टोकाटा त्याच्या पाचव्या ऑर्गन सिम्फनीचा शेवटचा भाग आहे आणि १८७९ मध्ये पुढे आला, म्हणजे विदोर या ऑर्गनवर स्थिरावल्यावर. त्याच्या ऑर्गन सिम्फनी एकूण दहा आहेत. एकाच वाद्याला ‘सिम्फनी’ लिहिण्याचे धाडस त्याला या वाद्याने दिले, हे स्वरलिपीतल्या स्टॉपच्या सूचना वाचताना स्पष्ट होते. त्या सूचना प्रश्न ६ मधल्या दुभागलेल्या पेट्या आणि झडपांची खोली गृहीत धरूनच लिहिलेल्या आहेत.

१२. आपल्या संगीत नाटकांत साथीला असतो तो ऑर्गन हाच का?

नाही. मराठी संगीत रंगभूमीवर वाजणारा ऑर्गन हा पायाने भाता चालवायचा रीडचा ऑर्गन आहे. त्यात नळ्या नसतात. संवादिनीसारख्याच रीड असतात, फक्त हवा बहुधा बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढली जाते, म्हणून त्याचा नाद पेटीपेक्षा मऊ आणि भरीव वाटतो. गायकाच्या आवाजाखाली पसरून राहण्याचा त्याचा गुण नाट्यसंगीताला मानवला.

दोन्ही वाद्यांचे नाते मात्र दूरचे नाही. तरुणपणी कावाये-कोलने स्वतः रीडवर चालणारे एक छोटे वाद्य तयार केले होते, आणि १८३२ मध्ये तुलूझ येथे संगीतकार रोसिनीचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले ते त्या वाद्यामुळेच. त्यानंतरच तो पॅरिसला आला. हार्मोनियमचे एकस्व (पेटंट) आलेक्सांद्र दबँ याने पॅरिसमध्येच १८४२ मध्ये घेतले.

१३. २०१९ च्या आगीत हा ऑर्गन जळाला ना?

नाही, येथे दोन घटनांची गल्लत होते. १७ मार्च २०१९ रोजी सां-सुल्पिसच्या एका दाराला आग लागली होती, पण ऑर्गनला धक्का बसला नाही. १५ एप्रिल २०१९ ची मोठी आग नोत्र-दाम कॅथेड्रलची. तेथील ऑर्गनही जळाला नाही. मात्र तो शिशाच्या धुळीने माखला, म्हणून उतरवून स्वच्छ करावा लागला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा तो वाजला. त्या ऑर्गनवरही क्लिको आणि कावाये-कोल या दोघांनी काम केले होते, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. फरक असा की नोत्र-दामच्या ऑर्गनची यंत्रणा विसाव्या शतकात विजेवर नेली गेली आणि त्याचे स्टॉपही वाढत गेले. सां-सुल्पिसमध्ये तसे घडले नाही.

१४. क्लिकोच्या नळ्या आहेत, तर अठराव्या शतकातले फ्रेंच संगीत येथे मूळ रूपात ऐकायला मिळेल का?

ते संगीत येथे वाजवले जाते आणि सुंदर लागते, पण ते मूळ रूप नव्हे. नळी तीच असली तरी तिला मिळणारी हवा, शेजारच्या नळ्यांशी जुळवलेला तिचा आवाज आणि पट्टीपासून झडपेपर्यंतची यंत्रणा बदलली आहे. क्लिकोचा आवाज त्याच्या स्वतःच्या हवेवर ऐकायचा असेल तर फ्रान्समधीलच प्वातिए शहराच्या कॅथेड्रलमध्ये जावे. तो ऑर्गन पूर्ण होण्याआधी, १७९० मध्ये, क्लिकोचे निधन झाले आणि उरलेले काम त्याच्या मुलाने तडीस नेले. पुढच्या शतकांत त्याच्यात फार थोडे बदल झाले. शक्य असेल तर दोन्ही ठिकाणी जाऊन तुतारीचे स्टॉप लक्षपूर्वक ऐकावेत. प्वातिएमध्ये ते मोकळे आणि थोडे रांगडे आहेत. सां-सुल्पिसमध्ये तोच धारदारपणा रुंद पायावर उभा आहे.

१५. मी चर्चमध्ये गेलो तेव्हा वेदीजवळ एक लहान ऑर्गन वाजत होता. तो याचाच भाग आहे का?

तो स्वतंत्र आहे. वेदीजवळ बसणाऱ्या गायकवृंदाला साथ देण्यासाठी कावाये-कोलनेच १८५८ मध्ये, म्हणजे मोठ्या ऑर्गनचे काम चालू असताना, तो बांधला. प्रार्थनेत दोन्ही ऑर्गन आळीपाळीने वाजू शकतात: एक पुढून गायनासोबत, दुसरा मागच्या सज्ज्यावरून एकटा. मोठा ऑर्गन ऐकायचा असेल तर रविवारच्या मुख्य प्रार्थनेला जावे आणि ती संपल्यावरही जागेवर बसून राहावे. वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी चर्चची सूचना पाहावी, आणि बसण्यासाठी सज्ज्याच्या अगदी खालची जागा टाळून मध्यापाशीची खुर्ची धरावी.